काळ्या चौकोनातली पातळी

मंगळवार, ८ नोव्हेंबर

प्रिय रूलोफ,

शनिवारी दुपारी जलमंडळाचा चौकशी अहवाल टपालाने आला. अकराव्या पानावर आपल्या पंपघराचा राखणदार डाउवे याला दोषी ठरवलं आहे आणि त्याखाली तुझी सही आहे. येत्या गुरुवारी मंडळाची सभा त्यावर मान डोलावेल, आणि महिनाअखेर डाउवेला नोकरी आणि पंपघराला लागून असलेलं घर, दोन्ही सोडावं लागेल. हे वाचून स्वस्थ बसणं मला जमलं नाही, म्हणून लिहिते आहे. वरचा 'प्रिय' सवयीने पडला आहे. त्यातून काही काढायला जाऊ नकोस.

अहवाल देखणा आहे, हे कबूल करते. जाड गुळगुळीत कागद, पानोपानी निळी पट्टी, मुखपृष्ठावर बगळा. ज्या मंडळाला चार घरांच्या भिंती सांभाळता आल्या नाहीत, त्याला बगळा मात्र सुरेख छापता येतो. 'मानवी हस्तक्षेप' हे शब्द मी मोजले, सतरा वेळा आले आहेत. सारांश असा, की नवी यंत्रणा निर्दोष चालत होती; डाउवेने उन्हाळाभर कुणाला न विचारता मोठ्या कालव्याचं पाणी आत घ्यायचं दार हाताने उघडलं; त्यामुळे पाणी सारखं वरखाली झालं, पायाखालची माती हलली आणि जुन्या बांधालगतच्या गल्लीत चार घरांना तडे गेले. आधी पंप चालवणाऱ्या आपल्या जुन्या संगणक प्रणालीच्या वाट्याला एकच वाक्य आलं आहे: 'समांतर चालू ठेवलेल्या कालबाह्य प्रणालीमुळे कर्मचाऱ्याच्या मनात गोंधळ निर्माण झाला.' कालबाह्य हा शब्द तुझा. तुझी भाषा मी ओळखते. ती प्रणाली ज्याने लिहिली त्यानेच तिला कालबाह्य म्हणावं, याला शहरात बहुधा प्रगती म्हणत असतील.

तुला विसर पडला असेल म्हणून सांगते. एक्क्याण्णवच्या हिवाळ्यात पंपघराच्या वरच्या खोलीत आपण दोघांनी ती लिहिली. तू एकतीस वर्षांचा होतास, मी अडतीसची. लायडनला गणित शिकून आलेली बाई पाणी उपसून जमीन केलेल्या एका लहानशा पोल्डरच्या कचेरीत पाण्याची पातळी वहीत उतरवत बसते, याचं गावाला हसू यायचं. तुला आलं नाही, एवढा एक गुण तुझ्या नावावर मी अजून ठेवला आहे. खोलीत एकच शेगडी होती. हातमोजे घालून तू टाइप करायचास आणि चुकायचास, मी मागे उभी राहून चुका दाखवायचे, आणि तू म्हणायचास, "हिला, तू माणसाशी लग्न करू नकोस, कोष्टकाशी कर." मार्चमध्ये ती चालू झाली. काळा पडदा, पांढरी अक्षरं, आणि दर तासाला प्रिंटरमधून एक ओळ: पातळी किती, हवी किती. एकतीस वर्षांत ती दोनदा बंद पडली, दोन्ही वेळा वीज गेली म्हणून. इतकं भरवशाचं दुसरं काही तुझ्या हातून झालेलं नाही.

आकडे आपण गावाच्या रीतीने ठेवले होते. समुद्राची पातळी म्हणजे शून्य, आणि इथे सगळंच त्याच्या खाली. शून्याच्या वर आपल्याकडे चर्चचा मनोरा आणि उंच गायींची शिंगं, बस. त्यामुळे पाणी शून्यापासून किती खाली आहे तेवढंच मोजायचं. उन्हाळ्यात एकशे पंच्याण्णव सेंटिमीटर, हिवाळ्यात दोनशे दहा. आकडा वाढला की पाणी उतरलं, आकडा घटला की पाणी चढलं. पुलावरची पट्टी तशीच, वही तशीच, पोरंही तशीच शिकतात. तू गेल्यावर, शहाण्णवच्या कोरड्या उन्हाळ्यात, मी त्यात दुरुस्तीचा एक रकाना वाढवला. सलग तीन आठवडे पाऊस नसेल तर वजा दहा. म्हणजे एकशे पंच्याऐंशी, म्हणजे पाणी दहा सेंटिमीटर वर. बांधालगतची घरं लाकडी खांबांवर उभी आहेत. लाकूड पाण्यात बुडून असेतो शेकडो वर्षं टिकतं. पाणी उतरलं की त्याला हवा लागते आणि ते कुजतं, आणि भोवतीची दलदलीची माती आक्रसून घराला घेऊन खाली बसते. पाऊस नसताना पाणी वर धरायचं ते एवढ्यासाठी.

या मार्चमध्ये नवी यंत्रणा घेऊन फ्लोरिस आला. तुझ्या मंडळाने नेमलेल्या कंपनीचा माणूस, पंचेचाळिशीचा, चिखलात टोकदार बूट घालून. पंपघराच्या दारातच म्हणाला, "अगं हिला, मला नुसतं फ्लोरिस म्हण हं!" मी म्हटलं, "आपण एकत्र डुकरं राखलेली नाहीत. मी तुम्हाला श्रीयुत म्हणेन, तुम्ही मला बाई म्हणा." त्या दिवशी नेमका डाउवेचा अठ्ठावन्नावा वाढदिवस. खुर्च्या गोल मांडलेल्या होत्या, आणि येणारा प्रत्येक जण रीतीप्रमाणे डाउवेचं, मग त्याच्या बहिणीचं, मग शेजाऱ्यांचं, मग माझं अभिनंदन करत होता, जणू डाउवेचा जन्म हे आमचं सगळ्यांचं कर्तृत्व. फ्लोरिसने सर्वांना हात दिला आणि केकचा घास गालात ठेवून जाहीर केलं, की यापुढे पाण्याकडे कुणी बघायला नको, यंत्रच बघेल. टाळ्या पडल्या. आपल्या गावाला काहीही सांगा, हातात केक असला की टाळ्या पडतात.

मी सभेत मागणी केली, की जुनी प्रणाली निदान वर्षभर नव्या प्रणालीच्या बरोबरीने चालू राहावी. आपल्याकडे तोंडावर कुणी नाही म्हणत नाही. अडीच तास सगळे बोलले, आणि मग नेहमीप्रमाणे कुणालाच नको असलेलं मधलं काहीतरी ठरलं. जुनी चालेल, पण पंपाला हात लावणार नाही. बघायचं आणि लिहायचं, करायचं काही नाही. जुनं यंत्र गंजून गेलं होतं, म्हणून मी तीन आठवडे बसून नव्या संगणकाच्या पोटातच एक वेगळी पेटी तयार केली. खरी नव्हे, प्रोग्रामची. त्या पेटीत आपली जुनी ऑपरेटिंग सिस्टीम, तीच ती डॉस, आणि तिच्यावर आपली प्रणाली बसवली. तिला बिचारीला वाटत राहावं की आपण अजून एक्क्याण्णवच्याच यंत्रात आहोत. नव्या संगणकाला जुना प्रिंटर लागेना, त्यासाठी जोडणीची तार मागवली. एकोणसत्तराव्या वर्षी हे मी पुस्तकं वाचून केलं. तुझ्या कचेरीतल्या अकरा पगारी माणसांना ते जमणार नव्हतं, हे त्यांनीच लेखी कळवलं होतं. मग फ्लोरिसच्या हिरव्यागार पडद्याच्या कोपऱ्यात एक काळा चौकोन दिसू लागला. तो म्हणाला, "हे म्हणजे विजेच्या गाडीपुढे घोडा बांधणं झालं, हिला." मी म्हटलं, "घोड्याला निदान घर कुठे आहे ते कळतं." कॉफीबरोबर मी त्याला रीतीने एक बिस्कीट दिलं आणि डबा बंद करायला घेतला, तर त्याने दुसऱ्यासाठी आत हात घातला. माणूस ओळखायला एवढं पुरतं, असं मी त्या दिवशी मनाशी म्हटलं.

मेअखेर मी सायकलवरून पडले आणि माझं खुब्याचं हाड मोडलं. नऊ आठवडे मी आधी रुग्णालयात आणि मग पुन्हा चालायला शिकवणाऱ्या घरात होते. बाहेर पाऊस नव्हता. जूनच्या पहिल्या आठवड्यात कोरडे तीन आठवडे पुरे झाले आणि दोन्ही प्रणाली कोरड्या हवेच्या हिशेबावर गेल्या. हिरव्या पडद्यावर सगळं हिरवं होतं. काळ्या चौकोनातून दर तासाला ओळ निघू लागली: पातळी २०५, हवी १८५. डाउवेने फ्लोरिसला फोन केला. "तुमचा हिरवा म्हणतो बरोबर आहे, बाईंचा काळा म्हणतो पाणी फार खाली गेलंय. कुणाचं ऐकू?" फ्लोरिस म्हणाला, "काळ्याला बंद कर, भांडण मिटेल." मग डाउवेने मला फोन केला. मी व्यायामाच्या टेबलावर होते, पाय पट्ट्याला टांगलेला, शेजारी एक पोरगेला माणूस मला 'शाब्बास' म्हणत होता. मी डाउवेला काय म्हटलं ते मला शब्द न् शब्द आठवतं. "तरंगकाला शेवाळ धरलं असेल. साफ कर, आणि मला छळू नकोस."

पातळी मोजणारा तो तरंगता गोळा त्याने तीनदा साफ केला. मग पुलावर जाऊन डोळ्यांनी पट्टी वाचली. दोनशे पाच. त्यानंतर तो रोज सकाळी न्याहारीच्या आधी चाक फिरवून कालव्याचं दार उघडू लागला. पाणी वर आलं की हिरव्या प्रणालीला ते जास्त वाटायचं, आणि ती पंप लावून उपसून टाकायची. हा आत घेतोय, ते बाहेर फेकतंय, अशी सात आठवडे एका छपराखाली दोघांची कुस्ती चालली. त्या कुस्तीत पाणी कसंबसं एकशे अठ्ठ्याण्णव, दोनशे असं राहिलं. डाउवे नसता तर चार घरं नव्हे, सबंध गल्ली तडकली असती. हे अहवालात नाही. पंपाने दुप्पट वीज खाल्ली, हे आहे.

जुलैअखेर तडे दिसले. अंत्येच्या स्वयंपाकघरातला तडा मी काठी टेकत जाऊन पाहिला. आपली जुनी बेकरीवाली अंत्ये, एक्क्याऐंशीची झाली. मला म्हणाली, "हिला, पोस्टमनला आता दारापर्यंत यायला नको. भिंतीतूनच पत्र टाकेल." आणि मग आवाज उतरवून, "डाउवे रोज सकाळी काय पिऊन ते चाक फिरवायचा गं?" तीस हिवाळे या माणसाने तिच्या दुकानापुढचा बर्फ उपसला आहे. गावाने आठ दिवसांत ठरवलं की तो पितो. ठरवायला पुरावा लागत नसताना आठ दिवस तरी का लागले, कळत नाही.

चौकशीच्या दिवशी मी मागच्या रांगेत होते. तू मंचावर होतास आणि तासभर तुझ्या पेनाच्या टोपणाकडे बघत होतास. अध्यक्षबाईंनी डाउवेला विचारलं, "दाराला हात लावायला तुम्हाला कुणी सांगितलं?" तो म्हणाला, "पाण्याने." "पाणी बोलतं का?" "तुमच्यापेक्षा कमी." सभागृह हसलं, आणि तिथेच त्याचा निकाल लागला. मलाही हसू आलं. मनात म्हटलं, मूर्ख आहे, चार आकडे धड मांडता येत नाहीत. माझं नाव त्याने घेतलं नाही. फोनचं तो बोलला नाही. मीही उठले नाही. दोष फ्लोरिसच्या यंत्राचा आहे याची मला खात्री होती, आणि मंचावरच्या चार शिकलेल्या माणसांपैकी एकाच्या तरी ते ध्यानात येईल असं मी धरून चालले होते. तुमच्याबद्दल माझं मत इतकं चांगलं होतं, याचं आता आश्चर्य वाटतं.

रविवारी जेवणाचं टेबल मोकळं करून मी काळ्या चौकोनाच्या छापील पट्ट्या एका बाजूला आणि अहवालाच्या परिशिष्टातला कंपनीचा तक्ता दुसऱ्या बाजूला ठेवला. मला फ्लोरिसची घोडचूक पकडायची होती. तासाभरात पकडली. त्यांच्याकडे खोली नव्हे, उंची मोजतात. ऋतूंच्या पातळ्या त्यांनी नीट उलटवून घेतल्या आहेत: उणे एकशे पंच्याण्णव, उणे दोनशे दहा. दुरुस्तीचा रकाना मात्र आला तसाच ठेवला आहे: वजा दहा. खोलीतून दहा वजा केले की पाणी वर येतं. उंचीतून दहा वजा केले की पाणी खाली जातं. एकशे पंच्याऐंशीच्या जागी दोनशे पाच. यंत्राने सांगितलेलं चोख केलं, आणि चोख केलं म्हणून हिरवं राहिलं. मी खुर्चीत मागे टेकून मोठ्याने म्हटलं, "गाढवं." आणि मग तो तक्ता त्यांना कुणी दिला होता ते आठवलं.

मी दिला होता. दहा फेब्रुवारीला. पंधरा तारखेला तुझा ई-मेल आला. मी सगळे ई-मेल छापून ठेवते, म्हणून समोर आहे. तू लिहिलं होतंस: "हिला, दुरुस्तीचा रकाना मी गेल्यानंतरचा आहे. हे आकडे खोलीतून वजा करायचे की उंचीतून? फ्लोरिसला उंची लागते. एकदा सांग." सरळ प्रश्न होता. उत्तर एका शब्दाचं होतं. सोळा तारखेचं माझं उत्तर असं आहे: "आपल्या कालव्यावरच्या बदकालाही ठाऊक असलेली गोष्ट तू मला विचारतोस. शहरात राहून तुझं डोकं गाळाने भरलं आहे. तक्ता जसा आहे तसा घाल." तुम्ही तसा घातलात. तू पुन्हा विचारलं नाहीस, हा तुझा भित्रेपणा. पण पुन्हा विचारायची पाळी आणली ती मी.

प्रश्न मला कळला नव्हता, अशातला भाग नाही. कळला होता. आकडे कुठून मोजायचे हे परक्याला सांगावं लागतं, हेही कळत होतं. पण तो तू विचारलास. तीस वर्षं इथे पाऊल न टाकलेला माणूस मला आपल्या पाण्याबद्दल विचारतो, हे मला झोंबलं, आणि तुला दोन चिमटे काढायची संधी मला उत्तरापेक्षा मोलाची वाटली. ते पाठवून मी दिवसभर खुशीत होते. एवढ्या खुशीसाठी अंत्येची भिंत फाटली.

परिशिष्टात फेब्रुवारीचा सगळा पत्रव्यवहार तारखेवार आहे. पंधरा आणि सोळा नाहीत. काल सकाळी मी फ्लोरिसला फोन केला. तो उडवून लावेल अशी माझी तयारी होती. तो म्हणाला, "बाई, ते दोन रूलोफने काढायला लावले. म्हणाला, ती निवृत्त झाली आहे, हाड मोडून पडली आहे, तिला यात ओढू नका. डाउवेचं कुठेतरी होईल." मग तोच पुढे म्हणाला, "मला ते पटलं नव्हतं. पण काम तुमच्या मंडळाचं, आणि मी गप्प बसलो. तुमच्या काळ्या चौकोनाला बंद कर म्हणालो, तेही मीच. सभेत विचारलंत तर दोन्ही सांगेन." बिस्किटांच्या डब्यावरून माणूस ओळखण्याची माझी पद्धत मी यापुढे बंद करते आहे.

तुझी ही दया मला नवी नाही, रूलोफ. ब्याण्णवच्या सप्टेंबरात तू सहा महिन्यांसाठी जातो म्हणालास. तेव्हा उट्रेख्टमधलं घर ठरलेलं होतं आणि त्या घरात कोण राहणार तेही ठरलेलं होतं. अंत्येला माहीत होतं, दूधवाल्याला माहीत होतं. मी सहा महिने ती वरची खोली झाडून ठेवली, शेगडीसाठी कोळसा आणून ठेवला. नंतर तू लिहिलंस, तुला दुखवायचं नव्हतं. तुला कधीच कुणाला दुखवायचं नसतं, आणि त्याचा भार नेहमी दुसऱ्या कुणावर तरी पडतो. तेव्हा माझी काही वर्षं गेली. ती भरून काढायला मी समर्थ होते. या वेळी तू एका माणसाचं घर काढून माझ्या म्हातारपणाखाली उशी म्हणून सरकवलंस. तुला वाटलं मला कळणार नाही, आणि कळलं तरी मी त्यावर डोकं ठेवून झोपेन. सगळ्यात जास्त चीड मला याची आहे, की तू मला इतकं स्वस्त समजलास.

काल दुपारी डाउवेकडे गेले. त्याने भांडी वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यांत भरायला घेतली होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं: तक्ता, बदक, काढून टाकलेली पत्रं. त्याच्या हातात सूप वाढायचा डाव होता, तो तसाच राहिला. मला म्हणाला, "म्हणजे बाई, शेवाळ नव्हतंच." मी म्हटलं, "नव्हतं." तो म्हणाला, "मग मी वेडा नाही." पाच महिने हा माणूस मनात काय घेऊन बसला होता ते मला तेव्हा कळलं. पट्टीवर दोनशे पाच वाचायचं, गाव म्हणतं पिऊन आलाय, पडदा म्हणतो सगळं ठीक, आणि जिच्या शब्दावर तीस वर्षं पाणी हललं ती बाई फोनवर म्हणते मला छळू नकोस. त्याने मला शिव्या द्यायला हव्या होत्या. त्याने एका खोक्यातून दोन कप परत बाहेर काढले आणि कॉफी केली. मी प्यायले. कडू होती, तरी कप रिकामा केला.

तुझ्याकडे काही मागायला हे पत्र लिहिलेलं नाही. आज सकाळी मी सगळं अध्यक्षबाईंच्या हाती दिलं आहे. गुरुवारी सभेत उठून माझं उत्तर मी स्वतः मोठ्याने वाचणार आहे, बदकासकट. त्यानंतर त्या तुझ्याकडे वळून विचारतील, ही दोन पत्रं फायलीतून कुठे गेली होती. तो प्रश्न तुझ्यावर अचानक कोसळू नये, म्हणून हे पत्र. ते उद्या तुझ्या हाती पडेल, म्हणजे तुझ्याकडे एक दिवस आहे. त्यांनी विचारायच्या आत तू उभा राहिलास तर राहा. नाही राहिलास तर मी तुला सावरणार नाही, आणि तूही माझ्यासाठी एक शब्द बोलू नकोस. माझी बाजू घेणारा मला त्या सभागृहात नको आहे. आणखी एक राहिलं. तुझ्या पंधरा फेब्रुवारीच्या पत्राला नऊ महिने उत्तर मिळालेलं नाही. ते आता देते. खोलीतून.

जिच्याशी खरं बोललं तरी चाललं असतं, ती
हिलेगोंडा

सुपूर्द केल्याची नोंद
जलमंडळ कचेरी, मंगळवार ८ नोव्हेंबर, सकाळी सव्वादहा. चौकशी समितीच्या अध्यक्षबाईंच्या हाती, पोच घेऊन:
जुन्या प्रणालीच्या छापील पट्ट्या, १ जून ते ३१ जुलै, एकही तास न गळता.
जुनी प्रणाली जशी चालू होती तशी, पेटीसकट, एका डिस्कवर. चालू कशी करायची ते सोबतच्या दोन पानांत लिहिलं आहे; कचेरीत कुणाला न जमल्यास मला बोलवावं.
दुरुस्तीचा तक्ता, माझ्या हस्ताक्षरात, १० फेब्रुवारी.
रूलोफचं पत्र, १५ फेब्रुवारी. माझं उत्तर, १६ फेब्रुवारी. मूळ छापील प्रती.
डाउवेच्या फोनबद्दल माझं निवेदन, एक पान, सहीसह.
पंपघराची माझ्याकडची किल्ली, एक. ती डाउवेला द्यावी.